गाईने काय खाल्ले, हे कोण विचारणार?

गोघृताचे आपल्या औषधनिर्मितीतील स्थान या नियतकालिकाच्या वाचकांना सांगण्याची आवश्यकता नाही. फलघृत, ब्राह्मीघृत, पंचतिक्तघृत, महात्रिफलाघृत या कल्पांच्या यशापयशाची चर्चा आपण करतो, तेव्हा वनस्पतीची ओळख, तिचा संग्रहकाल, कल्काचे प्रमाण, मृदू-मध्यम-खर पाकाची लक्षणे यांवर भरभरून बोलतो. परंतु हा सारा खटाटोप ज्या स्नेहात करावयाचा, तो स्नेह कोठून आला याविषयी आपल्या फार्मसीच्या खरेदीवहीत बहुधा एकच नोंद असते: गाईचे तूप, इतके किलो, इतका दर.

गेल्या काही वर्षांत यात एका प्रश्नाची भर पडली आहे, गाय देशी की संकरित? 'ए-टू' हे अक्षर आता तुपाच्या बरणीवर इतक्या ठळकपणे छापले जाते की जणू तोच एक द्रव्यगुण आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने दूध आणि दुग्धपदार्थांवरील ए-वन, ए-टू हे दावे काढून टाकण्याची सूचना काढली आणि काही दिवसांतच ती मागे घेतली. ती मागे का घेतली या वादात मला पडावयाचे नाही. मात्र सूचनेमागील एक मुद्दा शास्त्रदृष्ट्या बिनतोड होता आणि तो सूचनेबरोबर मागे घेता येण्यासारखा नाही. ए-वन आणि ए-टू हा भेद दुधातील बीटा-केसीन या प्रथिनाचा आहे. तूप कढवताना प्रथिन बेरीत जाते. गाळलेल्या तुपात ते जवळजवळ उरतच नाही. जो भेद तुपात नाही, त्याचे मोल तुपाच्या ग्राहकाकडून घेणे हे वैद्याला शोभणारे नाही.

देशी गाईविषयी मला अनास्था आहे असा अर्थ कोणी काढू नये. डांगी, खिल्लार, देवणी, गवळाऊ या जाती टिकल्या पाहिजेत, त्यांची कारणे वेगळी आणि भक्कम आहेत. माझे म्हणणे एवढेच की तुपाच्या संदर्भात आपण गाईची जात विचारतो आणि तिचे खाणे विचारत नाही. आणि हा क्रम आपल्या संहितांचाही नाही, आधुनिक दुग्धशरीरक्रियेचाही नाही.

संहितांचे आधी पाहू. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात वाजीकरण अध्यायाचा तिसरा पाद 'माषपर्णभृतीय' या नावाने प्रसिद्ध आहे. पादाचे नावच गाईच्या चाऱ्यावरून पडले आहे! उडदाच्या पानांवर पोसलेली, किंवा ऊस अथवा अर्जुनाचा पाला खाणारी, पहिलटकर, वासरू जिवंत असलेली, घट्ट दुधाची गाय आणावी आणि तिचे दूध वापरावे, असा तेथील आशय आहे. रंग आणि शिंगेही सांगितली आहेत, नाही असे नाही. पण आरंभ चाऱ्यापासून आहे. सुश्रुतांनी द्रवद्रव्यविधी अध्यायात बकरीच्या दुधाचे गुण सांगताना कारणही दिले आहे: ती कडू-तिखट पाला खाते, पाणी बेताचे पिते आणि हिंडते फार. संग्रहकारांनी पेंड आणि आंबट खाणाऱ्या जनावराचे दूध गुरू व अभिष्यंदी मानले, तर भावमिश्रांनी पेंढा, गवत आणि सरकी खाणाऱ्या गाईचे दूध हितकर म्हटले. स्तनपान करणाऱ्या बालकाच्या व्याधीत धात्रीला औषध व पथ्य देण्याची पद्धती तर आपण सर्वजण शिकलो आहोत. आहारातून रस आणि रसातून स्तन्य हा उपधातू, हे सूत्र परीक्षेत लिहून आपण उत्तीर्ण झालो. फार्मसीत पाऊल ठेवताच मात्र ते विसरतो.

आहाराचा दुधावर होणारा परिणाम आयुष्यभर अभ्यासणाऱ्या ज्या शास्त्रज्ञाविषयी मला लिहावयाचे आहे, त्याचा आयुर्वेदाशी काहीही संबंध नाही. डेल बाउमन हे अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्याच्या इथाका येथील कॉर्नेल विद्यापीठात पशुविज्ञानाचे प्राध्यापक होते. इलिनॉय विद्यापीठातून पीएच.डी. करून काही वर्षे तेथेच अध्यापन केल्यानंतर १९७९ मध्ये ते कॉर्नेलला आले आणि १९८८ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीवर निवडले गेले. गाईच्या पोटातील चारा दुधाच्या थेंबापर्यंत कसा पोचतो, हा त्यांच्या संशोधनाचा विषय.

त्यांचा पहिला महत्त्वाचा विचार १९८० चा आहे. ब्रूस करी यांच्यासमवेत लिहिलेल्या एका आढाव्यात त्यांनी 'होमिओऱ्हेसिस' ही संकल्पना दुग्धशरीरक्रियेत आणली. शरीर आपले समत्व राखते, रक्तातील साखर, तापमान वगैरे क्षणोक्षणी सावरते, हे आपण शरीरक्रियेत शिकतो. बाउमन आणि करी यांनी असे मांडले की गर्भावस्था आणि स्तन्यकाल यांसारख्या अवस्थांमध्ये शरीर याहून वेगळे, दीर्घ पल्ल्याचे नियोजन करते. गाय व्यायली की तिच्या मेदातून स्निग्धांश सुटू लागतात, स्नायू आणि मेद यांच्याकडून ग्लुकोजचा वापर कमी होतो, यकृत अधिक ग्लुकोज तयार करते आणि ते सारे कासेकडे वळते. कारण दुधातील साखर ग्लुकोजवाचून बनत नाही. एका अवस्थेची सेवा करण्यासाठी सर्व अवयवांनी आपापले व्यवहार बदलावयाचे! पुढे यातूनच असे दिसून आले की जास्त दूध देणारी गाय आणि बेताची गाय यांच्या पचनशक्तीत फारसा फरक नसतो. पचलेले कोठे वळवले जाते, यात फरक असतो. सूतिकावस्थेत धातूंचा क्षय का होतो हे विद्यार्थ्यांना समजावताना मला या मांडणीचा उपयोग झाला आहे. दोन्ही शास्त्रांची भाषा एक आहे असा दावा मात्र मी करणार नाही.

आपल्या कामाचा भाग यापुढे आहे. दुधाच्या व्यवहारातील माणसाला 'फॅट लागत नाही' ही तक्रार नवी नाही. संकलन केंद्रावर फॅटप्रमाणे दर मिळतो. गोठेवाल्याने दूध वाढावे म्हणून भरडा आणि गोळी पेंड वाढवली, कडबा कमी केला, की दूध वाढते आणि फॅट कोसळते. मग तो खुराक कमी करतो, कडबा वाढवतो, खाण्याचा सोडा चारतो, आणि फॅट पुन्हा लागू लागते. या घटनेची शास्त्रीय नोंद फ्रान्समध्ये बूसिंगो यांनी १८४५ मध्ये केली होती. दीडशे वर्षे तिचे कारण सापडत नव्हते. चोथा कमी झाल्याने कोठ्यात ॲसिटेट कमी बनते आणि म्हणून स्निग्धांश घटतो, असे एक मत. धान्यामुळे इन्सुलिन वाढते आणि ते स्निग्धांश मेदाकडे ओढून घेते, असे दुसरे. बाउमन यांच्या प्रयोगशाळेने गाईच्या रक्तातील इन्सुलिन मुद्दाम वाढवून, साखर स्थिर ठेवून पाहिले. फॅट त्या प्रमाणात कोसळले नाही. दुसरे मत अपुरे ठरले.

उत्तर कोठ्यातील सूक्ष्मजीवांत होते. हिरव्या गवतातील आणि तेलबियांतील मेदाम्ले असंपृक्त असतात. गाईच्या पहिल्या पोटातील जिवाणूंना ती सोसत नाहीत. ते त्यांचे टप्प्याटप्प्याने संपृक्त मेदाम्लांत रूपांतर करतात. हे रूपांतर पूर्ण होण्यापूर्वी काही मधले पदार्थ बनतात आणि त्यांतील थोडे निसटून पुढे आतड्यात, तेथून रक्तात व कासेत पोचतात. कोठ्याची स्थिती चांगली असेल, चोथा भरपूर असेल, तर हे मधले पदार्थ एका मार्गाने जातात. धान्य जास्त, चोथा कमी, आम्लता वाढलेली आणि त्यात तेलाची भर, अशी स्थिती आली की जिवाणू मार्ग बदलतात आणि 'ट्रान्स-१०, सिस-१२ कॉन्ज्युगेटेड लिनोलिक आम्ल' नावाचा एक निराळा पदार्थ निर्माण होतो. २००० मध्ये बॉमगार्ड, बाउमन आणि सहकाऱ्यांनी हा एकच समघटक शुद्ध स्वरूपात घेऊन होल्स्टीन गाईंच्या चौथ्या पोटात थेट सोडला. दिवसाला फक्त १० ग्रॅम. चार दिवसांत दुधातील स्निग्धांशाचे प्रमाण ४२ टक्क्यांनी व एकूण उत्पादन ४४ टक्क्यांनी घटले. त्याचाच सख्खा भाऊ, 'सिस-९, ट्रान्स-११' हा समघटक तितक्याच मात्रेत दिला असता काहीच झाले नाही. अशी गाय दिवसाला किलोभर स्निग्धांश देते. तिला १० ग्रॅम पदार्थाने असे थांबवावे, हे पाहून मात्रा आणि वीर्य यांचा विचार करणाऱ्या वैद्याला आश्चर्य वाटू नये, पण कौतुक वाटावे.

दुसरा समघटक निरुपद्रवी म्हणून सोडून देण्यासारखा नाही. त्याला रुमेनिक आम्ल म्हणतात आणि गाईच्या दुधातील कॉन्ज्युगेटेड लिनोलिक आम्लाचा बहुतेक भाग तोच असतो. प्रथम असे समजले जात होते की तो जसाच्या तसा कोठ्यातून येतो. हेलसिंकीचे ग्रिनारी, बाउमन, कॉर्ल आणि सहकारी यांनी दाखवले की त्याचा मोठा हिस्सा कासेतच घडतो. कोठ्यातून व्हॅक्सेनिक आम्ल येते आणि कासेतील 'डेल्टा-९ डिसॅच्युरेझ' हे एन्झाइम त्याचे रुमेनिक आम्लात रूपांतर करते. हे सिद्ध करण्यासाठी त्यांनी वापरलेले साधन आपल्या वाचकांना विशेष वाटेल. ते एन्झाइम बंद पाडण्यासाठी त्यांनी स्टर्क्युलिया फिटिडा, म्हणजे आपल्याकडचा जंगली बदाम, याच्या बियांचे तेल गाईच्या पोटात सोडले. एन्झाइम थांबले आणि दुधातील रुमेनिक आम्ल उतरले.

याच कुळातील मेदाम्ले सरकीतही असतात. विदर्भ, मराठवाडा, खानदेश, सौराष्ट्र या पट्ट्यांत सरकी आणि सरकी पेंड हा दुभत्या जनावराचा नित्याचा खुराक आहे. तेथील तूप टणक, दाणेदार आणि उशिरा वितळणारे का असते, याचे एक कारण येथे सापडते: कासेतील ते एन्झाइम काही अंशी मंदावते आणि मऊ ओलेइक आम्लाऐवजी कडक स्टिअरिक आम्ल उरते. आपल्याकडच्या ॲगमार्क मानकांत सरकी खाणाऱ्या पट्ट्यातील तुपासाठी दीर्घकाळ वेगळी मोजमापे ठेवली गेली, ती याच अनुभवातून. हाल्फेन चाचणी कपाशीच्या तेलाची भेसळ ओळखण्यासाठी करतात. पण सरकी खाल्लेल्या जनावराच्या निर्भेळ तुपातही ती होकारार्थी येऊ शकते. फार्मसीमालकांनी हे वाक्य पुन्हा एकदा वाचावे. चाचणी प्रामाणिक असते, तूपही प्रामाणिक असते, तरी माल परत जातो, कारण गाईने काय खाल्ले हे कोणीच लिहून ठेवलेले नसते.

रायकर्ट-माइसल मूल्याचेही तसेच. तुपाचा पुरवठादार आणि फार्मसी यांच्यात जो काही 'शास्त्रीय' संवाद होतो, तो या एका आकड्यापुरता असतो. मी एका पुरवठादाराला फोनवर विचारले होते, "तुमच्या गाई खातात काय?" तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, "डॉक्टरसाहेब, आर. एम. अठ्ठावीसच्या वर देतो, आणखी काय पाहिजे?" हे मूल्य तुपातील ब्युटिरिकसारखी आखूड मेदाम्ले मोजते. ही आखूड मेदाम्ले कोठून येतात? ती चाऱ्यातून येत नाहीत, रक्तातूनही येत नाहीत. चोथ्याच्या किण्वनातून कोठ्यात जे ॲसिटेट तयार होते, त्यापासून आणि ब्युटिरेटपासून बनणाऱ्या घटकापासून कास ती स्वतः घडवते. गाय स्निग्धांश बनवण्यासाठी ग्लुकोज वापरत नाही, हे बाउमन यांच्या इलिनॉयमधील १९७० च्या सुमाराच्या कामातच आले आहे. म्हणजे आर. एम. मूल्य ही एका अर्थी गाईने खाल्लेल्या चोथ्याची, तिच्या कोठ्याच्या स्वास्थ्याची साक्ष आहे. खुराकात तेलाची भर पडली, चोथा घटला, की निर्भेळ तुपाचाही आकडा खाली येतो. उलट, आकडा जुळवून देणारे मिश्रण तयार करणारे लोक बाजारात आहेतच. कारण ठाऊक नसताना केवळ आकडा मागणारा खरेदीदार हा त्यांचा सर्वांत सोयीचा ग्राहक.

आता जातीच्या प्रश्नाकडे पुन्हा येऊ. बाउमन यांच्या गटाने १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात काही गाई गोठ्यातील मिश्र खुराकावर ठेवल्या आणि काही कुरणात चरावयास सोडल्या. चरणाऱ्या गाईंच्या दुधातील कॉन्ज्युगेटेड लिनोलिक आम्ल गोठ्यातील गाईंच्या दुपटीहून अधिक आढळले. २००३ मध्ये त्यांनी होल्स्टीन आणि ब्राऊन स्विस या दोन जातींच्या गाई एकाच खुराकावर ठेवून तुलना केली. जात, वेत, व्यायल्यापासूनचे दिवस यांचा परिणाम नगण्य निघाला. एकाच जातीच्या, एकाच गव्हाणीवरच्या दोन गाईंमध्ये मात्र तिपटीपर्यंत तफावत होती. या दोन्ही जाती युरोपातील आहेत. गीर किंवा खिल्लार यांना हा निष्कर्ष जसाच्या तसा लावता येणार नाही, आणि तो लावण्याचा प्रयत्न येथे नाही. परंतु ज्यांना 'देशी' या एका शब्दात तुपाची सारी गुणवत्ता दिसते, त्यांनी गोठ्यात बांधून गोळी पेंड आणि मका मुरघासावर ठेवलेल्या गीर गाईचे तूप आणि आश्विनात डोंगरउतारावर चरून आलेल्या साध्या गावठी गाईचे तूप शेजारी ठेवून विचार करावा.

आश्विनाचा उल्लेख सहज आला नाही. चरकांनी घृतपानासाठी शरद ऋतू सांगितला आहे. त्याचे कारण पित्तप्रकोप हे आहे आणि ते पुरेसे आहे. तरीही मला राहून राहून असे वाटते की शरदात हाती येणारे तूप हे तीन महिने ओले गवत खाल्लेल्या गाईचे असते. ओल्या गवतात लिनोलेनिक आम्ल भरपूर असते आणि गवत वाळताना ते पुष्कळसे नष्ट होते. चैत्र-वैशाखातील कडब्यावरचे तूप आणि आश्विनातले तूप रासायनिकदृष्ट्या एक नसणार. हा माझा तर्क आहे, ग्रंथकारांचा हेतू म्हणून मी तो मांडत नाही. ऊसपट्ट्यातील आमच्या मित्रांनीही चरकांचे नाव सांगून वाढ्यांचे समर्थन करू नये. ग्रंथात ऊस आहे. वाढ्यांत ऑक्झॅलेट असते, ते चुन्याला बांधून ठेवते, आणि हंगामभर नुसत्या वाढ्यांवर काढलेल्या गाईची हाडे त्याची किंमत मोजतात.

येथपर्यंत वाचून काही उत्साही मंडळींच्या मनात पत्रकाचा मजकूर तयार झाला असेल, याची मला कल्पना आहे. त्यांनी थोडे थांबावे. १९९९ मध्ये बाउमन आणि बफेलो येथील रॉसवेल पार्क कर्करोग संस्थेतील संशोधक यांनी रुमेनिक आम्लाने समृद्ध लोणी उंदरांना खाऊ घातले आणि स्तनग्रंथींच्या गाठी कमी झाल्याचे प्रसिद्ध केले. या एका प्रयोगाच्या जोरावर 'कर्करोगरोधक देशी तूप' असे फलक लागले. प्रयोग उंदरांवरचा, गाठी रसायन टोचून निर्माण केलेल्या, आणि मानवामध्ये तसा निर्णायक पुरावा आजही उभा राहिलेला नाही. शिवाय ज्या लोण्याने तो परिणाम दिला ते होल्स्टीन गाईंचे, खुराक मुद्दाम बदलून तयार केलेले होते, ही गोष्ट फलकावर कोणी लिहीत नाही. औषधे व जादूटोणा उपाय कायदा, १९५४, याच्या अनुसूचीत कर्करोग आहे. आपल्या सदस्यांपैकी कोणी असे पत्रक छापले, तर वैद्यकीय प्रामाणिकपणाचा प्रश्न बाजूला ठेवला तरी ते कायद्याच्या कक्षेत येते.

बाउमन यांचा दाखला देणाऱ्यांनी त्यांची दुसरी ओळखही ठेवावी. गाईच्या वाढीच्या संप्रेरकाचे इंजेक्शन देऊन दूध वाढवण्याच्या तंत्रावर १९८० च्या दशकात कॉर्नेलमध्ये जे मूलभूत प्रयोग झाले, त्यांचे ते प्रमुख होते आणि मोन्सॅन्टो कंपनीचे संशोधक त्यात सहभागी होते. ते संप्रेरक पोषकद्रव्यांचा ओघ कासेकडे वळवते, असा त्यांचा सिद्धांत. १९८० च्या विचाराचेच ते पुढचे पाऊल. नोव्हेंबर १९९३ मध्ये अमेरिकेने त्याला मान्यता दिली, १९९४ मध्ये ते बाजारात आले. कॅनडाने १९९९ मध्ये जनावरांच्या आरोग्याच्या कारणावरून ते नाकारले, युरोपीय संघाने २००० पासून कायमची बंदी घातली. बाउमन यांनी मात्र त्याचे समर्थन सोडले नाही. २००८ मध्येही त्यांनी सहलेखकांसह, या तंत्राने कमी गाईंत तेवढेच दूध मिळून पर्यावरणावरचा भार घटतो असे प्रतिपादन केले. मला हे समर्थन पटत नाही. व्यालेल्या गाईच्या धातूंवरचा ताण बाहेरून आणखी वाढवावा आणि त्याला कार्यक्षमता म्हणावे, हे माझ्या वैद्यबुद्धीला रुचत नाही. पण त्यामुळे त्यांचे कोठ्यावरचे आणि कासेवरचे काम खोटे ठरत नाही. एकाच माणसाचे लोणी आपण डोक्यावर घ्यावयाचे आणि त्याच्या इंजेक्शनाचे नावही काढावयाचे नाही, ही निवड सोयीची आहे, एवढेच मला म्हणावयाचे आहे.

बाउमन यांच्या कामातून आपल्या परंपरेलाही एक प्रश्न विचारला जातो, आणि तो टाळू नये. चारा आणि दूध यांच्या मध्ये गाय आहे आणि गाईच्या आत लक्षावधी जीव आहेत. गवतातले मेदाम्ल दुधात जसेच्या तसे येत नाही. ते मोडले जाते, बदलले जाते, कधी उलटेही होते. तेव्हा अश्वगंधा, शतावरी, गुडूची खाऊ घातलेल्या गाईचे 'औषधी तूप' म्हणून जे चढ्या दराने विकले जाते, त्यात त्या वनस्पतीचे वीर्य उतरले आहे हे कशावरून? माषपर्णाची गाय संहितेत आहे म्हणून प्रत्येक पाल्याची गाय सिद्ध होत नाही. ज्यांना असे तूप विकावयाचे आहे त्यांनी दुधात काय उतरले ते मोजून दाखवावे. मोजता येत नसेल, तर ते चांगल्या चाऱ्यावरच्या गाईचे चांगले तूप आहे एवढेच सांगावे. तेही थोडे नाही.

आता व्यवहाराचे. लहान फार्मसीला स्वतःचा गोठा ठेवता येणार नाही, हे मी जाणतो. पण खरेदीच्या वेळी एक साधा कागद भरून घेणे कोणालाही शक्य आहे: गाव कोणते, दूध कोणत्या महिन्यांतले, ओला चारा किती, कडबा किती, पेंड सरकीची की शेंगदाण्याची की गोळीची, जनावरे चरावयास जातात की नाही, तूप दह्याच्या लोण्याचे की यंत्राच्या सायीचे, म्हशीचे दूध त्यात मिसळले जाते का. पुरवठादार सुरुवातीला हसेल. दोन वर्षांनी तोच कागद भरून आणील, कारण दर त्यावर ठरेल. ज्यांना जमेल त्यांनी वर्षाचे तूप भाद्रपद ते कार्तिक या काळात, चरणाऱ्या जनावरांच्या दोन-तीन ठरलेल्या गावांतून घ्यावे आणि थंड, अंधाऱ्या जागी भरून ठेवावे. प्रत्येक खेपेचा पावशेर नमुना तारखेसह वेगळा काढावा.

संघटनेकडे माझी मागणी याहून थोडी मोठी आहे. आपल्या सदस्यांच्या वीस-पंचवीस फार्मसींनी असे नमुने आणि असे कागद एका वर्षात जमवले, तर ते आणंद येथील राष्ट्रीय दुग्ध विकास मंडळाच्या प्रयोगशाळेत पाठवून त्यांतील मेदाम्लांचा पूर्ण तक्ता करून घेता येईल. खर्च विभागून घेतला तर एका फार्मसीच्या वाट्याला येणारी रक्कम तिच्या दिवाळीच्या जाहिरातीपेक्षा जास्त होऊ नये. भैषज्यकल्पनेच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांपैकी एखाद्याने त्याच नमुन्यांवर एकच कल्प, समजा पंचतिक्तघृत, एकाच पद्धतीने सिद्ध करून पाकाला लागलेला काल, फेन आणि वर्ण यांची नोंद ठेवावी. कोकणातले, सोलापूरचे, यवतमाळचे तूप एका ओळीत ठेवलेले मला तरी अद्याप कोणत्याही महाविद्यालयात पाहावयास मिळालेले नाही. पुढील कार्यकारिणीच्या बैठकीसाठी हा प्रस्ताव लेखी स्वरूपात देत आहे. ज्या सदस्यांची नमुने देण्याची तयारी असेल त्यांनी आपल्या जिल्हा प्रतिनिधीकडे श्रावणापूर्वी नाव नोंदवावे, म्हणजे पहिली खेप याच पावसाळ्यातली मिळेल.